रोज रात्री घरात येणारा माणूस: मालिकेतल्या कलाकाराचं काम, पैसे आणि करिअर नेमकं कसं चालतं

मालिकेत काम करणारा कलाकार लग्नाकार्यात भेटला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पुढे काय होणार? आणि एका एपिसोडचे किती मिळतात? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं, कारण परवाचे सीन अजून लिहून व्हायचे असतात. दुसऱ्या प्रश्नाचं माप वेगळं आहे. मराठीत बहुतेक कलाकारांचा हिशेब एपिसोडवर नसतो, चित्रीकरणाच्या दिवसावर असतो. त्याला सेटवर ‘पर डे’ म्हणतात. तो आज ज्या दिवसाचं काम करतो, त्याचे पैसे साधारण तीन-चार महिन्यांनी हातात पडतात. आणि ज्या नावाने लोक त्याला हाक मारतात, ते नाव त्याच्या मालकीचं नसतं.

या तीन गोष्टी कळल्या की हा व्यवसाय बराचसा कळतो. इथे मराठीतल्या रोज चालणाऱ्या मालिकांबद्दलच बोलू, कारण आपल्याकडे ‘मालिकेतला कलाकार’ म्हटलं की तोच माणूस डोळ्यांपुढे येतो.

पैसा कुठून निघतो

सुरुवात जाहिरातीपासून करायला हवी. दूरचित्रवाणीवर तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती दाखवता येतात, असा नियम आहे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून हा वेळ आणि शीर्षकगीत वजा केलं, की गोष्टीसाठी २२ मिनिटांच्या आसपास उरतात. वाहिनी ही २२ मिनिटं निर्मितीसंस्थेकडून ठरलेल्या दराने बनवून घेते. सेटचं भाडं, दिवे, कॅमेरे, जेवण, गाड्या, लेखक, कलाकार, सगळं त्या दरात बसवायचं असतं. गोष्ट, मालिकेचं नाव आणि त्यातली पात्रं यांचे हक्क सहसा वाहिनीकडे राहतात.

म्हणजे निर्मात्याच्या दृष्टीने चित्रीकरणाचा एक दिवस वाढला, की नफ्यातला एक तुकडा गेला. सेटवरची सगळी घाई इथून येते. दिग्दर्शकाला घाई आवडते म्हणून कुणी धावत नसतं.

दुसरं टोक टीआरपीचं. तो मोजण्याचं काम बार्क ही संस्था करते. तिने २०१५ पासून आकडे द्यायला सुरुवात केली. देशभरात ५० हजारांहून जास्त घरांत तिची यंत्रं बसवलेली आहेत. वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते. यंत्र ती ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे हे नोंदवतं. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं बटण असतं. टीव्हीसमोर बसलं की ते दाबायचं. यावरून बायका किती, पुरुष किती, कोणत्या वयाचे, हे समजतं. आकडे आठवड्याला येतात, गुरुवारी. तुमच्या घरी हे यंत्र नसेल, तर तुम्ही मालिका कितीही मन लावून बघा, त्या आकड्यात तुमची भर पडत नाही. तुम्ही मोबाइलवर मालिका बघितलीत तर तेही या आकड्यात येत नाही. त्याचा हिशेब वेगळा.

रेटिंग म्हणजे फक्त ‘किती जणांनी पाहिलं’ असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यात ‘किती वेळ पाहिलं’ हेही असतं. समजा शंभर माणसांचा बाजार आहे. त्यातल्या दहा जणांनी ३० मिनिटांपैकी १५ मिनिटं मालिका पाहिली, तर रेटिंग पाच होतं. तेच दहा जण पूर्ण अर्धा तास बसून राहिले, तर दहा. प्रेक्षक न वाढताही आकडा दुप्पट. जाहिरातीच्या आधी दार उघडून कोणीतरी का येतं, आणि ते कोण आहे हे ब्रेकनंतरच का कळतं, याचं कारण या हिशेबात आहे.

कलाकारासाठी गुरुवारचा अर्थ अगदी थेट असतो. एखाद्या पात्राच्या सीनवर लोक थांबतायत असं दिसलं, की त्याचे सीन वाढतात, म्हणजे त्याचे दिवस वाढतात, म्हणजे पैसे वाढतात. नाही थांबले, तर ट्रॅक आवरला जातो आणि पात्र परगावी नोकरीला जातं. कलाकाराने काम वाईट केलेलं असेलच असं नाही. त्याच वेळेला समोरच्या वाहिनीवर लग्नाचा महाएपिसोड लागलेला असू शकतो.

आठवड्याला एक चित्रपट

आठवड्याचे सहा भाग, प्रत्येकी २२ मिनिटं. बेरीज १३२ मिनिटं होते. एका पूर्ण लांबीच्या चित्रपटाएवढं काम हे युनिट दर आठवड्याला उभं करतं, आणि हे दोन-दोन, चार-चार वर्षं चालतं. चित्रपटाच्या सेटवर दिवसाला तीन-चार मिनिटं पदरात पडली तरी दिवस बरा गेला म्हणतात.

ही चित्रीकरणं गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढला, नायगावला, मिरा रोडकडे आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर चालतात. गावाकडची गोष्ट असेल तर सातारा, वाई, कोल्हापूर, सिंधुदुर्ग. डोंबिवलीत किंवा लालबागला राहणाऱ्या कलाकाराला सकाळी सातचा कॉल टाइम असेल, तर त्याचा दिवस पाचच्या आधी सुरू होतो. नायिकेचा त्याहून आधी, कारण मेकअप, केस आणि साडी यांत तास-दीड तास जातो. शिफ्ट कागदावर बारा तासांची. पॅकअप होऊन घरी पोहोचेपर्यंत पंधरा तास होतात. मुख्य भूमिका असेल तर महिन्यातले वीस-पंचवीस दिवस असेच.

पुढचे काही भाग तयार असले तर त्याला ‘बँक’ आहे म्हणतात. बँक असलेला सेट आणि नसलेला सेट यांत फार फरक असतो. बँक संपली, की आज दुपारी चित्रित झालेला सीन उद्या रात्री दाखवायचा असतो. मग कुणी आजारी पडून चालत नाही. ताप असलेल्या कलाकाराला सोफ्यावर बसवून त्याचे क्लोजअप आधी उरकून घेतले जातात. प्रेक्षकाला एवढंच जाणवतं, की आज हे पात्र उठून उभं राहिलं नाही.

अभिनय म्हणून यात काय असतं

मालिकेतल्या अभिनयाबद्दल बोलताना आपल्याकडे नाक मुरडण्याची सवय आहे. ती मला कधीच पटली नाही. हे काम कसं होतं ते नीट पाहिलं की मत बदलतं.

सीनचा कागद अनेकदा त्याच सकाळी येतो, हल्ली मोबाइलवर. मेकअप चालू असताना तो वाचायचा. सहायक दिग्दर्शक एकदा-दोनदा वाचून घेतो, दिग्दर्शक हालचाली सांगतो, आणि दिवे लागतात. दोन किंवा तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असतात. आधी सगळ्यांचा मिळून मास्टर शॉट, मग एकेकाचा क्लोज, मग ‘सजेशन’, म्हणजे समोरच्याच्या खांद्याआडून घेतलेला शॉट, आणि शेवटी रिॲक्शन. तेच वाक्य, तेच रडू, त्याच शब्दावर वळलेली तीच मान, पुन्हा पुन्हा. जेवणाच्या टेबलावर दहा माणसं बसलेली असतील, तर दहाही जणांचे चेहरे टिपावे लागतात. तीन मिनिटांच्या त्या सीनला अर्धा दिवस जातो, आणि ताटातली भाजी प्रत्येक शॉटला तेवढीच दिसावी लागते.

त्यातून सीन क्रमाने होत नाहीत. दिवाणखान्याला दिवे लावलेत, तर चार भागांतले दिवाणखान्यातले सगळे सीन आज. सकाळी मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद, दुपारी ते मोडल्यानंतरची स्तब्धता, संध्याकाळी मधल्या भागातली कुणकुण. साडी बदलायची, गळ्यातलं बदलायचं आणि मनही बदलायचं. दागिन्यांची नोंद कंटिन्युइटी बघणारा ठेवतो. भावनेची नोंद कुणी ठेवत नाही. ती ज्याची त्याने ठेवायची. अनुभवी कलाकार सीनच्या कागदावर बारीक अक्षरात लिहून ठेवतात: ‘अजून पत्राचं माहीत नाही’, ‘कालचं भांडण मनात आहे’.

फोनवरचं बोलणं तर बहुतेक वेळा हवेशी असतं. पलीकडचा कलाकार दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या सेटवर आपली बाजू करणार असतो. त्याची वाक्यं सहायक सपाट आवाजात वाचतो, आणि त्या आवाजाला उत्तर देताना डोळ्यांत पाणी आणायचं असतं.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच. नाटकातल्या नटाला पडदा पडताना काय होणार ते पहिल्या वाचनापासून माहीत असतं. त्यावरून तो पहिल्या प्रवेशातलं बोलणं ठरवतो. मालिकेतल्या कलाकाराकडे शेवट नसतो. आज तो ज्या भावावर जीव टाकतोय, तो भाऊ सहा महिन्यांनी खलनायक निघू शकतो. कालपर्यंत जे पात्र शब्दाचं पक्कं होतं, ते आज कथेच्या गरजेपोटी खोटं बोलतं. लेखकाने घेतलेलं ते वळण प्रेक्षकाला खरं वाटावं, म्हणून मधला पूल कलाकाराला नजरेतून, थांबण्यातून बांधावा लागतो. मला तरी हे अभिनयातलं फार वरच्या दर्जाचं कौशल्य वाटतं. पण त्यासाठी कोणत्याही पुरस्कार सोहळ्यात वेगळा विभाग नसतो.

‘एवढं ठासून का बोलतात?’ हाही प्रश्न नेहमीचा. रात्री आठ-साडेआठला मालिका बघणारं घर एका जागी बसलेलं नसतं. कुणी पोळ्या लाटत असतं, कुणी मुलांचा अभ्यास घेत असतं. मालिका निम्मी ऐकली जाते. म्हणून वाक्यं स्पष्ट, गोष्ट पुन्हा सांगितलेली आणि आवाज पुढे ठेवलेला. हे माध्यम ज्यांना उमगलं ते त्यातही बारकावा आणतात. रोहिणी हट्टंगडी यांचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकलेल्या या अभिनेत्रीने १९८२च्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा साकारल्या आणि त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. त्याच रोहिणीताईंनी पुढे ‘चार दिवस सासूचे’मध्ये आशालता देशमुख केली. २००१ ते २०१३ चाललेल्या त्या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. त्यांच्यासारखीने हे काम कमी प्रतीचं मानलं असतं, तर एवढी वर्षं ती सासू लोकांच्या घरात टिकली नसती.

आत यायचा रस्ता

पूर्वी रस्ता जवळपास एकच होता. कॉलेजात असताना पुण्यात पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडक, मुंबईत सवाई किंवा आयएनटीची एकांकिका स्पर्धा, गावात असाल तर राज्य नाट्य स्पर्धा. तिथे कुणीतरी पाहायचं आणि बोलवायचं. आजही बरेच जण याच वाटेने येतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स यांतून शिकून येणारेही आहेत. आता भर पडली ती घरून पाठवलेल्या ऑडिशनच्या व्हिडिओंची.

मुख्य भूमिकेसाठी ऑडिशननंतर लूक टेस्ट होते, मग समोरच्या जोडीदाराबरोबर मॉक शूट, म्हणजे नमुन्याचं चित्रीकरण. शेवटचा शब्द वाहिनीचा. दिग्दर्शकाला आवडलेला कलाकार वाहिनीने नाकारला, असं वरचेवर घडतं. छोट्या भूमिकांचं तसं नसतं. डॉक्टर, वकील, शेजारीण अशा दोन-तीन दिवसांच्या कामांतून माणसं ओळखी वाढवत जातात, आणि अनेकांचं करिअर याच कामांवर उभं असतं.

२०१६ च्या आसपास या दाराशी एक मोठा बदल झाला. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात घडणारी ‘रात्रीस खेळ चाले’, कोल्हापूरजवळ वसगडे गावात चित्रित झालेली ‘तुझ्यात जीव रंगला’, आणि पाठोपाठ २०१७ मध्ये साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’. या मालिकांना मालवणी, कोल्हापुरी, सातारी सहज बोलणारी माणसं हवी होती. जे बोलणं इतकी वर्षं ‘सुधारून ये’ म्हणून ऑडिशनमध्ये परत पाठवलं जायचं, त्याच बोलण्यावर काम मिळू लागलं. प्रह्लाद कुडतरकर यांनी तर ‘रात्रीस खेळ चाले’चं लेखन करता करता त्यातला पांडूही साकारला. मराठी मालिकांच्या इतिहासातला हा बदल मला फार मोलाचा वाटतो. मुंबईत खोली घेऊन राहणं परवडत नाही अशा कितीतरी तरुणांना आपल्याच जिल्ह्यात कॅमेऱ्यासमोर उभं राहता आलं.

करार आणि नव्वद दिवस

आता पैशाचं सविस्तर. करारात साधारण चार गोष्टी असतात: पर डे, महिन्याला किती दिवसांची हमी, दुसरीकडे काम करायला परवानगी आहे की नाही, आणि मालिका सोडायची किंवा काढायची झाली तर किती आधी कळवायचं. हमीचे दिवस मुख्य कलाकारांना मिळतात. बाकीच्यांना जेवढं बोलावलं तेवढंच.

एक मानलेलं उदाहरण घेऊ. एका नव्या कलाकाराचा पर डे पाच हजार ठरला आणि जूनमध्ये त्याचे वीस दिवस झाले. बिल एक लाखाचं. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर कराच्या हिशेबात धरला जातो, पण आज हातात येत नाही. राहिले नव्वद हजार. मध्ये काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर असेल तर त्याचं कमिशन. आणि हे पैसे येतात नव्वद दिवसांच्या क्रेडिटवर, म्हणजे बिल दिल्यापासून तीन महिन्यांनी. जूनचं काम, सप्टेंबरअखेरीचा चेक. तोपर्यंतचं घरभाडं, रोजची रिक्षा, सेटवर लागणारे बरे कपडे, सगळं साठवलेल्या पैशातून किंवा उसनवारीवर. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या मुलाने मित्राकडून भाड्यासाठी पैसे मागितले तर लोकांना खोटं वाटतं. पहिल्या मालिकेच्या पहिल्या चार महिन्यांत ते अगदी खरं असतं.

कलाकार पगारदार नसतो, तो स्वतंत्र व्यावसायिक धरला जातो. भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, मालिका बंद झाल्यावर भरपाई नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी करावी लागते. कलाकारांची संघटना आहे, १९५८ पासून काम करणारी सिंटा. थकलेले पैसे आणि कामाचे तास यांच्या तक्रारी ती हाताळते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या चित्रपट-मालिका कामगारांच्या संघटनांनी काम बंद ठेवलं, तेव्हा हिंदी वाहिन्यांना जुने भाग दाखवायची वेळ आली होती. पण एकटा कलाकार चालू मालिकेत तक्रार करायला कचरतो, कारण त्याचं पात्र परगावी पाठवायला एक सीन पुरतो.

लहान मुलांसाठी मात्र नियम स्पष्ट आहेत, आणि पालकांनी ते पाठ करून ठेवावेत इतके महत्त्वाचे आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शाळा बुडता कामा नये, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो.

राणादा कुणाचा?

‘तुझ्यात जीव रंगला’चा नायक हार्दिक जोशी रस्त्याने चालला की ‘राणादा’ अशी हाक येते. माधव अभ्यंकर यांनी आधी कितीतरी कामं केली, पण महाराष्ट्रभर ते ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक झाले. मधुराणी प्रभुलकर गायिका आहेत, ‘कवितेचं पान’सारखा उपक्रम त्यांनी चालवला, तरी २०१९ च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत त्या लाखो घरांसाठी ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती होत्या. रोज ठरलेल्या वेळी घरात येणाऱ्या माणसाशी जे नातं जुळतं, ते चित्रपटाच्या नटाशी जुळत नाही. बायका अरुंधतीच्या जागी स्वतःला ठेवत होत्या. सुनेने असं करावं का, आईने घर सोडावं का, यावर घराघरांत बोललं जात होतं.

पण हे पात्र वाहिनीचं. त्याचं नाव, त्याचं प्रसिद्ध वाक्य, त्याचा पेहराव यांचा करारातला मालक कलाकार नसतो. आणि पात्र एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर नेता येतं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया हे अगदी स्पष्ट उदाहरण. रसिका सुनीलने ती लोकप्रिय केली, २०१८ मध्ये तिने मालिका सोडली, ईशा केसकर शनाया झाली, आणि २०२० मध्ये रसिका परत आली. या बदलांसाठी मालिका एकदाही थांबली नाही. आधीच्या कलाकाराने बसवलेली चाल-बोली उचलायची, पण नक्कल वाटता कामा नये, आणि हे सगळं दोन दिवसांच्या तयारीवर करायचं. बदली येणाऱ्या कलाकाराचं काम या व्यवसायात सर्वांत धाडसाचं असतं, असं माझं मत आहे.

लोकप्रियतेचा खरा आर्थिक फायदा बहुतेकांना सेटबाहेर होतो. दुकानांची उद्घाटनं, दहीहंडी, नवरात्र, महिला मंडळांचे कार्यक्रम. या कामांना ‘सुपारी’ म्हणतात, आणि तिचे पैसे बहुधा हातोहात मिळतात. म्हणून चालत्या मालिकेतला कलाकार महिन्यातला एकुलता एक मोकळा रविवारही जळगावला किंवा सांगलीला घालवतो. ही ओळख किती दूर नेऊ शकते याचं टोक म्हणजे डॉ. अमोल कोल्हे. २००८ मध्ये ते ‘राजा शिवछत्रपती’त शिवाजी महाराज झाले, २०१७ पासून संभाजी महाराज, आणि ती मालिका चालू असतानाच मे २०१९ मध्ये शिरूरमधून लोकसभेवर निवडून आले. अर्थात सगळ्यांना ही वाट नसते.

मालिका संपल्यावर

ब्रिटनमधल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेत विल्यम रोच हे डिसेंबर १९६० मधल्या पहिल्या भागापासून एकच भूमिका करत आले. अमेरिकेत सुझन लुची यांनी १९७० पासून चार दशकं एरिका केन साकारली, आणि अठरा वेळा हुकलेला डेटाइम एमी पुरस्कार त्यांना १९९९ मध्ये मिळाला. तिकडे एका मालिकेत आयुष्य जाऊ शकतं. आपल्याकडे दोन-तीन वर्षं चालली तर मालिका यशस्वी म्हणायची. काही शंभर भागांतच आवरतात. त्यामुळे मराठी कलाकाराचं करिअर हे अनेक मालिका आणि त्यांच्यामधली रिकामी वर्षं यांचं मिळून बनतं.

ही मधली वर्षं कठीण. चेहरा त्या पात्राला इतका चिकटलेला असतो, की दुसरी वाहिनी लगेच मुख्य भूमिका द्यायला कचरते. वाहिन्यांना काही काळ ‘चेहरा जुना होऊ द्यायचा’ असतो. तेवढ्यात नाटक हात देतं. शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन, बालगंधर्व इथल्या जाहिराती नीट वाचल्या, तर संपलेल्या मालिकांमधली कितीतरी नावं दिसतील. काही जण डबिंग करतात, काही अभिनयाचे वर्ग घेतात. स्त्रियांना आणखी एक पायरी लवकर ओलांडावी लागते. पस्तिशी आली की नायिकेच्या जागी वहिनी, आणि चाळिशीत नायकाची आई. नायक मात्र चाळिशीतही नायक राहतो. ‘आई कुठे काय करते’ने मोठ्या मुलांच्या आईला मध्यभागी आणलं म्हणून ती मालिका या कलाकारांसाठीही महत्त्वाची होती. मूळ गोष्ट बंगाली मालिकेची, हे खरं, पण मराठीत तिने चाळिशीपुढच्या अभिनेत्रींसाठी जागा केली.

ज्येष्ठांची अवस्था कोरोनात उघडी पडली. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली आणि जूनअखेर पुन्हा सुरू झाली, तेव्हा राज्य सरकारच्या नियमांनी ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई केली. आजी-आजोबांची कामं करून जगणाऱ्यांची मिळकत एका परिपत्रकाने बंद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती अट रद्द केली. जोखीम खोटी नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये मालिकेच्या चित्रीकरणासाठी साताऱ्यात असलेल्या आशालता वाबगावकर यांचं कोरोनाने तिथेच निधन झालं. मूळच्या गोव्याच्या, मराठी रंगभूमीवर आणि हिंदी चित्रपटात मोठं काम केलेल्या या अभिनेत्रीला वयाच्या त्या टप्प्यावरही काम हवं होतं आणि ते तिला मिळतही होतं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली, तेव्हा अनेक युनिट्स गोव्याला, सिल्वासाला गेली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी थांबवली. घरापासून दूर हॉटेलात अडकून, आपल्या माणसांच्या तब्येतीची फोनवर विचारपूस करत कलाकारांनी त्या काळातले एपिसोड पूर्ण केले.

राहिला एक मुद्दा, आणि माझ्या मते पुढच्या काळात तोच सर्वांत मोठा ठरणार आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाहिन्यांनी जुन्या मालिका पुन्हा लावल्या आणि लोकांनी त्या आवडीने बघितल्या. आज त्या मालिका ओटीटीवर कायमच्या पडून आहेत, त्यांच्यावर जाहिराती चालतात, सबस्क्रिप्शन विकलं जातं. अमेरिकेत संघटनेच्या करारामुळे पुनःप्रक्षेपणाचा ठरावीक वाटा कलाकाराला मिळत राहतो. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सादरकर्त्याचा रॉयल्टीचा, म्हणजे कामाच्या पुढच्या वापरातल्या वाट्याचा, हक्क कायद्यात आला, पण मालिकेच्या कलाकाराच्या करारात असा वाटा सहसा दिसत नाही. एकदा दिलेला पर डे हाच शेवटचा पैसा. क्रेडिट नव्वदवरून तीस दिवसांवर आणणं आणि पुनःप्रक्षेपणाचा छोटा का होईना, वाटा करारात लिहिणं, या दोन गोष्टी झाल्या तरी दोन मालिकांमधलं ते रिकामं वर्ष कलाकाराला उसनवारीशिवाय काढता येईल. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. करारनाम्यात दोन कलमं बदलावी लागतील, आणि ती मागायला लोकप्रिय चेहऱ्यांनी आधी पुढे यावं लागेल, कारण त्यांचंच पात्र एका सीनमध्ये परगावी पाठवणं वाहिनीला परवडत नाही.